दोघांना घरी ठेवून या

आमच्या गावाकडे लग्नाच्या आवतणाचे प्रकार ठरलेले आहेत. 'घरटी एक' म्हणजे घरातलं एक माणूस जेवून जाईल. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांनी मांडवात यायचं. आवतण घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून यातला कोणता शब्द उच्चारतो, याकडे आतल्या बायकांचे कान असतात. त्या एका शब्दात दोन घरांमधला सलोखा मोजून होतो. 'सगळे या, पण त्या दोघांना घरी ठेवून या' असं आवतण मात्र मी कधी ऐकलेलं नाही. आम्ही फार समतावादी होतो म्हणून नव्हे. आमची तऱ्हा वेगळी होती: बोलवायचं सगळ्यांना आणि पंगत निराळी बसवायची.

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघापुढे १९५१ च्या नोव्हेंबरात असंच आवतण येऊन उभं राहिलं. संघ युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा. मुंबईचं सेंट झेवियर्स ज्या जेझुइट पाद्र्यांनी काढलं, त्याच पंथाचं हे टेकडीवरचं लहानसं विद्यापीठ. संघाचं नाव डॉन्स. त्या हंगामात डॉन्स नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर. या दोघांना मागे ठेवणार असाल तर हंगामानंतरच्या मोठ्या सामन्याचं बघू, असा निरोप आला आणि संघाने तो धुडकावला. त्यानंतर कुणीच बोलावलं नाही. हंगाम संपल्यावर विद्यापीठाने आपलं फुटबॉलच गुंडाळलं.

ही गोष्ट आता अमेरिकेत आवडीने सांगितली जाते. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही आणि एकही आमंत्रण नाही, अशी तिची घोषणाही होऊन बसली आहे. कोवळ्या वयाच्या मुलांनी मैत्रीसाठी मोठेपणावर पाणी सोडलं, असा तिचा सूर. मुलं थोर होती, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला खुपतं ते दुसरंच. नकाराची सगळी किंमत नकार देणाऱ्यांनी भरली. अट घालणाऱ्यांना एक दमडीही पडली नाही. आणि आपण, म्हणजे पन्नास-पाऊणशे वर्षांनी डोळे पुसत ही गोष्ट वाचणारे, या व्यवहाराला 'त्याग' असं गोड नाव देऊन मोकळे होतो.

आधी त्या खेळाची व्यवस्था सांगायला हवी, कारण गोम तिथेच आहे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हाताशी धरून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून यार्डायार्डाने पुढे घुसायचं, असा तो धसमुसळा खेळ. कॉलेजांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, नऊ-दहा सामन्यांचा. बाद फेरी, उपांत्य, अंतिम वगैरे तेव्हा काही नव्हतं. हंगाम उरकला की १ जानेवारीच्या आसपास 'बाउल' नावाचे मोजके सामने व्हायचे आणि त्यांना बोलावणं यावं लागायचं. बोलावणार कोण? सरकार नव्हे, खेळाची मध्यवर्ती संस्थाही नव्हे. मायामी, न्यू ऑर्लिन्स, डल्लास अशा शहरांतल्या प्रतिष्ठित आणि व्यापारी मंडळींच्या समित्या. गारठलेल्या उत्तरेतले लोक सुटीत आपल्या उबदार गावात यावेत, हॉटेलं भरावीत, गावाचं नाव पेपरात छापून यावं, यासाठी १९३० च्या दशकात हे उद्योग सुरू झाले. नावंसुद्धा मालाची: मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, डल्लासचा कॉटन बाउल. जत्रेत कुस्त्यांचा फड भरवणारी गावची कमिटी असते ना, तसलं हे प्रकरण. कुणाची जोड कुणाशी लावायची हे कमिटी ठरवणार, आणि का लावली नाही हे तिला कुणी विचारणार नाही.

यातला सगळ्यात जुना रोझ बाउल कॅलिफोर्नियातच होता, लॉस एंजेलिसजवळ पासाडेनाला. पण १९४७ पासून तो करारात अडकला. एक संघ पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बड्या विद्यापीठांच्या गटातला, दुसरा मध्य-पश्चिमेकडच्या 'बिग नाइन' गटातला. डॉन्स कुठल्याच गटात नव्हते. म्हणजे घराजवळची पंगत आधीच बंद, आणि उरलेल्या मोठ्या पंगती सगळ्या दक्षिणेत. तिथे गोरे आणि काळे एका नळाचं पाणी पीत नव्हते, एका डब्यात बसत नव्हते, एका हॉटेलात उतरत नव्हते. आणि गंमत म्हणजे मॅट्सन आणि टोलर हे दोघेही मूळचे त्याच दक्षिणेतले. मॅट्सन टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावात जन्मलेला, टोलर टेनेसीमधल्या मेम्फिसचा. जो मुलूख सोडून ते पश्चिम किनाऱ्याला लागले, तिथे त्यांना पाहुणा म्हणूनही परत जायची सोय नव्हती.

संघ कसा होता? भीतिदायक. बचावात जीनो मार्केटी होता, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, विशीच्या आत युरोपच्या रणांगणावर बर्फात मशिनगन चालवून आलेला. बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच आणि कच्चं मांस खाण्यासाठी प्रसिद्ध. (नंतर तो शेजारच्या डेली सिटीचा महापौरही झाला. मांसाचं काय झालं ते माहीत असणारे असतील.) टोलर मागे उभा राहून समोरच्याला आडवा करायचा. आणि मॅट्सन. त्या वर्षी चेंडू घेऊन देशात सर्वात जास्त यार्ड धावलेला कॉलेज खेळाडू तो: १,५६६ यार्ड. न्यू यॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध डॉन्स ३२-२६ असे जिंकले. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीची लाथ मारून उडवलेला चेंडू झेलून मॅट्सन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला. एकदा नव्हे, दोनदा. पूर्वेकडच्या पत्रकारांनी हा मुलगा डोळ्यांनी पाहावा म्हणून संघाचा प्रसिद्धी अधिकारी धडपडत होता. पीट रोझेल हे त्याचं नाव, वय पंचविशीच्या आतबाहेर. पुढे हाच रोझेल १९६० ते १९८९ असा जवळजवळ तीस वर्षं व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगचा, एनएफएलचा, आयुक्त होता. हे नाव लक्षात ठेवा.

१७ नोव्हेंबरला स्टॉक्टन गावी कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा डॉन्सनी ४७-१४ असा फडशा पाडला आणि आता बोलावणं येणार असं सगळ्यांनी धरलं. पुढचं खेळाडू आयुष्यभर सांगत आले ते असं. प्रशिक्षक जो कुहारिच यांनी मुलांना स्थिती सांगितली: दोघांना सोडून जायचं असेल तर जाता येईल. मतदान झालं नाही, चर्चा झाली नाही. नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

आता या गोष्टीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मुळीच पोकळ नाही. जाणकार सांगतात की वंशभेदाचं सोडा, या संघाला बोलावणं यायचा संभव तसाही बेताचाच होता. नऊपैकी दोन सामने लष्करी तळांवरच्या संघांशी, दोन सॅन होजे स्टेट या एकाच कॉलेजशी. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या संघक्रमवारीच्या अखेरच्या यादीत डॉन्स चौदावे होते, पहिल्या दहांत नव्हते. कॉलेज लहान, माजी विद्यार्थी थोडके, तेही खंडाच्या दुसऱ्या टोकाला. मायामीची हॉटेलं भरायला आगगाड्या भरभरून माणसं आणणार कुठून? कमिटीने हिशेब केला आणि दुसरे संघ निवडले. यात वर्ण कुठे आला?

हा युक्तिवाद मी बराच काळ घोळवला आणि माझं मत असं झालं की त्यात आकडेमोड बरोबर आहे, फक्त रकाने चुकीचे आखले आहेत. हिशेब एकीकडे आणि वंशभेद दुसरीकडे, अशी ती मांडणी आहे. पण ज्या गावातला तिकीट काढणारा गोरा प्रेक्षक काळ्या खेळाडूला मैदानात बघायला तयार नाही, त्या गावात वंशभेद हीच बाजारपेठ असते. कमिटीतल्या एखाद्याच्या मनात कदाचित कसलाही आकस नसेल. तो फक्त वही उघडून म्हणेल, हा संघ परवडत नाही. आपल्याकडे आडनाव विचारून झाल्यावर 'अरेरे, कालच दिली हो जागा' म्हणणारा घरमालक काय वेगळं करतो? माझं काही नाही हो, सोसायटीतले लोक ऐकत नाहीत. मी स्वतः भाड्याच्या घरासाठी वणवण करताना एका मित्राबरोबर हे वाक्य तीन जिन्यांवर ऐकलं आहे. मित्राला जागा नव्हती. आठवड्याने त्याच जागेसाठी मी एकटा गेलो तर होती. तिन्ही घरमालक अतिशय सौजन्याने बोलले. अशा अटी कुणी लेटरहेडवर छापून पाठवत नाही, म्हणूनच त्या इतक्या टिकतात.

शिवाय, दक्षिणेतल्या कमिट्यांचे हात बांधलेले होते, कायदाच तसा होता, हे तरी कितपत खरं? १ जानेवारी १९४८ ला डल्लासमध्ये, म्हणजे टेक्सासच्या काळजात, कॉटन बाउलमध्ये पेन स्टेट या उत्तरेतल्या विद्यापीठाचा संघ वॉली ट्रिपलेट आणि डेनी होगार्ड या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला. समोर स्थानिक सदर्न मेथडिस्ट. दोन्ही संघ त्या हंगामात अपराजित, तिकिटांवर उड्या. शहरातली हॉटेलं मिश्र संघाला घेणार नाहीत म्हणून पेन स्टेटची मुलं गावाबाहेर नौदलाच्या विमानतळावर उतरली. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला आणि बरोबरी साधून देणारा चेंडू ट्रिपलेटनेच झेलला. आकाश कोसळलं नाही. जिथे कमाई मोठी होती तिथे रिवाजाला फट सापडली. लहान कॉलेजसाठी ती सापडली नाही. यात असहाय्यता कुठेच नाही, निवड आहे.

त्याच पेन स्टेटने त्याआधी, १९४६ मध्ये, मायामी विद्यापीठाविरुद्धचा सामना रद्द केला होता, कारण तिथे या दोघांना खेळू देणार नव्हते. आणि काही दिवसांनी त्याच मायामीत क्लीव्हलंड ब्राउन्स हा व्यावसायिक संघ खेळून आला, आपल्या मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून. शहर तेच, हिवाळा तोच, आवतणही तेच. एकाने पाठ फिरवली, दुसऱ्याने पाट मांडून घेतला. दुसऱ्याला कुणी नावं ठेवल्याचं दिसत नाही. जगाची रीतच तशी होती म्हणायचं.

१९४८ च्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या लाफयेत कॉलेजला टेक्सासच्या सन बाउलचं बोलावणं आलं. डेव्हिड शोवेल हा कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाही असं कळल्यावर कॉलेजने नकार कळवला. सन बाउलचं काय बिघडलं? काही नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला बोलावलं, ते आले, खेळले, जिंकून गेले. पंगतीत एक पान रिकामं झालं की मागे उभा असलेला पुढे सरकून बसतो आणि वाढपी थांबतसुद्धा नाही. म्हणूनच 'आम्ही येत नाही' या वाक्याला यजमानाच्या लेखी किंमत शून्य होती. डॉन्सशिवाय १ जानेवारी १९५२ चा ऑरेंज बाउल व्यवस्थित पार पडला. जॉर्जिया टेकने बेलरला १७-१४ असं हरवलं. न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउलही झाला. तिथे तर आधीच राष्ट्रीय विजेता म्हणून निवडून ठेवलेला टेनेसीचा संघ मेरीलँडकडून २८-१३ असा हरला. त्या दिवसाच्या रंगतीत कुणाची उणीव भासल्याची नोंद नाही.

उलट्या बाजूने पाहा. सेंट क्लेअरचं शिक्षणाचं एक वर्ष शिल्लक होतं. संघच राहिला नाही म्हणून त्याला बिऱ्हाड उचलून ओक्लाहोमातल्या टल्साला जावं लागलं. जे विद्यार्थी पुढे व्यावसायिक होण्याच्या लायकीचे नव्हते, फक्त कॉलेजसाठी खेळत होते, त्यांचं खेळणं नोव्हेंबरातच संपलं. कुहारिच यांना शिकागो कार्डिनल्सची नोकरी मिळाली हे खरं. विद्यापीठाचा संघ तोट्यात होता आणि बाउलच्या पैशाने तो वाचला असता की नाही यावर वाद घालता येईल. मला स्वतःला वाटतं, फार दिवस वाचला नसता. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५० च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केलं, जॉर्जटाउननेही त्याच सुमारास, सांता क्लाराने १९५२ नंतर. कॅथलिक कॉलेजांची ही पडझड दूरचित्रवाणीने, व्यावसायिक संघांनी आणि खर्चाने चाललीच होती. सॅन फ्रान्सिस्कोत तर केझार स्टेडियमवर फॉर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ त्याच प्रेक्षकांच्या खिशात हात घालत होता. पण मरणाऱ्या माणसाला शेवटचं पाणी कुणी दिलं नाही, हे तो तसाही मरणार होता म्हणून क्षम्य ठरत नाही.

'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य आपल्याकडे दर सहा महिन्यांनी कुणीतरी कपाळाला आठी घालून म्हणतं. १९५१ च्या हंगामात राजकारण कुणी आणलं ते बघा. २० ऑक्टोबरला ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाचा सामना ओक्लाहोमा ए अँड एमशी होता. ड्रेकचा जॉनी ब्राइट हा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, आणि कृष्णवर्णीय. पहिल्याच खेळीत त्याने चेंडू सहकाऱ्याच्या हाती दिला आणि तो बाजूला उभा राहून पुढचा खेळ बघत होता. चेंडू लांब, सगळ्यांचे डोळे चेंडूवर. तेवढ्यात विल्बँक्स स्मिथ हा प्रतिस्पर्धी धावत आला आणि त्याने हाताचा कोपरापुढचा भाग ब्राइटच्या जबड्यावर हाणला. त्या काळच्या शिरस्त्राणांना तोंडापुढे जाळी नसायची. जबडा मोडला. मोडक्या जबड्याने ब्राइटने पुढे ६१ यार्डांचा एक चेंडू फेकून गुण मिळवून दिले. पहिल्या सात मिनिटांत तो तीनदा बेशुद्ध पाडला गेला आणि मगच बाहेर आला. पंचांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही. डे मॉइन रजिस्टर या वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी, जॉन रॉबिन्सन आणि डॉन अल्टांग यांनी, हे सगळं एकामागून एक टिपलं. त्या छायाचित्रांना १९५२ चं पुलित्झर मिळालं. ती मालिका आजही बघवत नाही. एका चौकटीत ब्राइट बेसावध, हात खाली सोडलेले, जणू रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभा आहे. पुढच्या चौकटीत मुठीएवढं अंतर उरलं आहे.

स्मिथला शिक्षा झाली नाही. दोन्ही कॉलेजं ज्या गटात खेळत त्या गटाने हात झटकले. मग ड्रेकने तो गटच सोडला. इथेही पुन्हा तेच: मार खाणाऱ्याने घर सोडायचं, मारणाऱ्याने ओसरीवर बसून राहायचं.

आता माझा मुद्दा. कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए त्या वर्षी झोपलेली नव्हती. १९४८ मध्ये तिने खेळाडूंना पैसे किती आणि कसे द्यायचे याची संहिता केली होती. १९५१ मध्ये तर कोणता सामना दूरचित्रवाणीवर दाखवायचा आणि कोणता नाही, हेही ती ठरवू लागली, कारण घरी बसून फुकट सामना बघणाऱ्यांमुळे तिकीटविक्रीला खड्डा पडत होता. बड्या विद्यापीठांना वठणीवर आणण्याइतकं बळ तिच्या अंगात होतं. 'खेळाडूच्या वर्णावर अट घालणाऱ्या सामन्याला आमचा एकही संघ जाणार नाही' एवढं एक वाक्य तिला लिहिता आलं असतं. मग सन बाउलला वेस्ट व्हर्जिनिया सापडलं नसतं आणि मायामीच्या हॉटेलवाल्यांनी खोल्या मोजायला घेतल्या असत्या. दक्षिणेतली विद्यापीठं रुसली असती, संस्था फुटण्याची भीती होती, हे मला कळतं. पण मग असं सरळ म्हणावं की संस्था टिकवण्याचा खर्च मॅट्सन आणि टोलरच्या नावावर टाकला. पन्नास वर्षांनी, २००१ पासून, याच संस्थेने दक्षिण कॅरोलिना राज्यात आधी स्थळ ठरवून भरवायच्या अजिंक्यपद स्पर्धा बंद केल्या, कारण तिथे विधानभवनाच्या आवारात गुलामगिरीसाठी लढलेल्या बंडखोर राज्यांचा झेंडा फडकत होता. म्हणजे तसं करता येतं.

आपल्याकडे बाळू पालवणकरांची गोष्ट माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. हिंदू क्रिकेट संघाच्या या श्रेष्ठ दलित फिरकी गोलंदाजाला १९२० साली संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठी त्याचा भाऊ विठ्ठल याला डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी माघार घेतली. फरक एवढाच की तिथे ज्यांचा अपमान झाला त्यांनाच नकारही द्यावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोत तो नकार मार्केटीसारख्या गोऱ्या मुलांनी दिला, मॅट्सन-टोलरला तोंड उघडावं लागलं नाही. हे थोडंथोडकं नाही. या एका कारणासाठी त्या संघाबद्दल मला आदर आहे, घोषणेसाठी नव्हे.

पण आदराने यजमान बदलत नाही. शुगर बाउलचंच पाहा. १९५६ च्या सामन्यासाठी पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. समोर जॉर्जिया टेक. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी खेळू नका म्हणून आरडाओरडा केला, तर जॉर्जिया टेकचेच विद्यार्थी अटलांटाच्या रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गव्हर्नरांचा पुतळा जाळला. सामना झाला. आणि त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाने मिश्र वर्णाच्या खेळांवर कायद्यानेच बंदी घातली. एका माणसाला वाढलं म्हणून सगळा मांडवच उतरवून ठेवला. न्यायालयांनी ती बंदी नंतर मोडीत काढली.

न्यू ऑर्लिन्सला खरा चटका बसला तो जानेवारी १९६५ मध्ये. एएफएल या व्यावसायिक लीगचा ऑल-स्टार सामना तिथे होता. शहराला स्वतःचा व्यावसायिक संघ हवा होता, ही तर मुलगी दाखवायचीच वेळ. खेळाडू विमानतळावर उतरले आणि टॅक्सीवाले कृष्णवर्णीयांना घेईनात, क्लबांच्या दारातून परत पाठवू लागले. २१ कृष्णवर्णीय खेळाडूंनी ठरवलं, आम्ही इथे खेळत नाही. काही गोरे खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. सामना ह्यूस्टनला गेला, शहराची तयारी आणि तिकिटं वाया गेली. या वेळी नकार लागू पडला, कारण मागे उभा असलेला दुसरा पाहुणा नव्हता. हीच माणसं म्हणजे सामना होता. १९५१ च्या मुलांची सचोटी या २१ जणांपेक्षा तसूभर कमी नव्हती. त्यांच्या हातात फक्त हे माप नव्हतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एनएफएलचा संघ मिळाला, तोवर शहराने आपली दारं बऱ्यापैकी उघडली होती. सद्बुद्धीने किती आणि संघाच्या हव्यासाने किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

सत्कार नंतर झाले, रीतसर झाले. विद्यापीठाने २००६ मध्ये हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २००८ च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या फिएस्टा बाउलने या म्हाताऱ्यांना बोलावून मान दिला. ओक्लाहोमा स्टेटने (जुनं ए अँड एम) २००५ मध्ये ड्रेकला माफीचं पत्र लिहिलं. ब्राइट १९८३ मध्येच गेला होता. मी असल्या सत्कारांच्या विरोधात नाही, म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर शाल पडली तर त्यात कुणाचं नुकसान नाही. पण ज्या ऑरेंज बाउलच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते, त्याच्या गल्ल्यातून एक पैसा कधी या मुलांकडे किंवा त्या बंद पडलेल्या संघाकडे गेल्याचं मी वाचलेलं नाही. ज्याला खर्च येत नाही असा पश्चात्ताप मला नेहमी थोडा उशिरा आलेल्या लग्नाच्या आहेरासारखा वाटतो. पाकिटावर नाव सुरेख असतं.

मॅट्सन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावला आणि ४०० मीटरमध्ये कांस्य, रिलेत रौप्य घेऊन आला. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याच्या एकट्याच्या बदल्यात लॉस एंजेलिस रॅम्सने नऊ खेळाडू मोजले. तो, मार्केटी आणि सेंट क्लेअर, तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. टोलरला तेही मिळालं नाही. ब्राउन्सनी त्याला निवडलं होतं, पण १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोतल्या एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळाडू म्हणून तो संपला. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून नेमलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. आयुक्त होते पीट रोझेल.

१९५१ चा शेवटचा सामना डॉन्स २४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसच्या लोयोलाशी खेळले आणि २०-२ असे जिंकले. तो झाला पासाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्येच. मैदान भाड्याने मिळालं होतं, जानेवारीचं आमंत्रण मिळालं नव्हतं, आणि एवढ्या प्रचंड वाडग्यात प्रेक्षक मूठभर. २० जानेवारी १९८० ला त्याच मैदानावर सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, झाला. एक लाखावर लोक होते. काळे-पांढरे पट्टे घातलेला एकावन्न वर्षांचा टोलर कडेच्या रेषेवर उभा होता, आणि चेंडू नेमका किती यार्ड पुढे गेला हे मोजणारी साखळी त्याच्या हाताखाली होती.